पहिल्या वेच्यातली कॅसेट

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मी रस्त्याकडची खिडकी लावून घेते. शेजारणींनी विचारलं तर सांगते, तंतू उडतात, मला शिंका येतात. ते अगदीच खोटं नाही. दारव्ह्याकडून यवतमाळात येणाऱ्या रस्त्याला लागून माझं घर आहे. जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या ठासून भरलेल्या असतात, आणि वळणावरच्या बाभळी त्यांच्या अंगावरचा कापूस ओरबाडून घेतात. मग कितीतरी दिवस त्या बाभळी पांढऱ्याधोप दिसतात. येणारेजाणारे थांबून फोटो काढतात, म्हणतात, काय सुंदर! काढा बापा, काढा. मला त्या दिवसांत घरात गमत नाही. चहा गोड लागत नाही, आणि कोणी मोठ्यानं गाणं लावलं तर मी जाऊन भांडून येते.

यंदा खिडकी लावून भागलं नाही. रेणूचं लग्न कापूस घरात आल्यावर धरलं, आणि एका सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, हळदीले आईची कॅसेट लावायची हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आइकून राह्यली ना?"

"हाव वो, आइकून राह्यली. लावू."

फोन ठेवला आणि तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडले. रेणू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची मुलगी. ती कॅसेट शालूनं रेणूसाठी गायली, पोटच्या पोरीला आपला आवाज ठेवून जायचा म्हणून. आणि त्या कॅसेटमध्ये सगळं आहे, फक्त शालूचा आवाज नाही.

*

कॅसेट भरली त्या वर्षांबद्दल आता लोक फार जाणतेपणानं बोलतात. अळी, भाव, सरकार, काय न् काय. आमच्या घरात ती वर्षं कापसाच्याच रूपानं शिरली आणि बसून राहिली. आज भाव येईल, उद्या येईल म्हणून कोणी कापूस विकत नव्हतं. ज्याच्या घरात जावं त्याच्या घरात गंजी. आमच्या पुढच्या खोलीत तर पार आढ्याला टेकलेली. खाटा ओसरीत आल्या, चूल मागच्या अंगणात गेली, विडीकाडीवाल्या पाहुण्यांना माय फाटकातूनच वाटे लावायची. देवाची देवळी आणि दाराजवळ चारदोन माणसं बसतील एवढी जागा, बाकी निरा कापूस. अंगाला खाज. सरकीचा तो तेलकट, धुळकट वास भाकरीलासुद्धा यायचा. रेणू तेव्हा दोन वर्षांची, दुडूदुडू धावणारी. ती गंजीवर चढायची आणि घरंगळत खाली यायची, दिवसभर तेच.

पण त्या खोलीतली शांतता मी पुन्हा कुठे अनुभवली नाही. बोललेलं भिंतीवर आपटून परत यायचंच नाही, कापूस ते पिऊन टाकायचा. माय दारातून ओरडायची, "जेवाले चाला वो!" आणि आत बसलेल्याला वाटायचं, ही शेजारच्या वावरातून हाक मारते आहे. प्रकाशराव म्हणायचे, अशी खोली शहरात पैसे टाकून बांधतात म्हणे, गाणी भरायला.

प्रकाशराव म्हणजे शालूचा नवरा. बाबा आम्ही लहान असतानाच गेले, मी लग्न होऊन यवतमाळला आले, म्हणून शालूला घरजावई केला. शेती करायचा आणि लग्नसराईत वाजंत्र्यांच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. बटणं दाबून तारा छेडायच्या, विजेवर चालणारा तो बेंजो. आमच्याकडे त्याच्याशिवाय वरात निघत नसे. माणूस अबोल. बोलायचं ते बोटांनी. शालू त्याला "ओ बेंजोवाले" म्हणून हाक मारायची, आणि तो "काऊन वो?" म्हणून लाजायचा. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली तरी लाजायचा! मला हसू यायचं.

त्या वर्षांत लग्नंच पुढे ढकलली जायला लागली. ज्याचं झालं त्यानं वाजंत्री लावली नाही. पार्टी मोडली. सामानाची वाटणी झाली तेव्हा प्रकाशरावांच्या वाट्याला स्पीकरच्या दोन पेट्या आणि होम थिएटरचा रिसीव्हर आला. काळा, जड, पुढच्या बाजूला माईकची दोन भोकं, मागच्या बाजूला भोकंच भोकं. मायनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "जवाईबापू, हे चाळणी कायले आणली जी?"

शालू हसता हसता गंजीवर आडवी झाली होती. ते हसणं आधीच थोडं बसकं येत होतं. आम्हाला वाटलं, कापसाचे तंतू गेले असतील घशात.

*

शालूच्या गाण्याबद्दल मी काय सांगू? ती काही कुठे शिकली नव्हती. वेचणीला लागली की गायची. ती एक ओळ टाकायची आणि सगळ्या बाया तिच्या मागून ती ओळ उचलायच्या. तिच्या शेजारच्या ओळीत लागायला बाया भांडायच्या, खरंच भांडायच्या, "काल तू होती, आज मी" असं. ओव्या तिच्याच, तिथल्या तिथे जुळवलेल्या. एक मला पाठ आहे.

वेच वो बाई वेच, बोंडाबोंडाचा चांद,
माह्या चिमणीच्या दुलईले, मूठभर बाजूले बांध.

चिमणी म्हणजे रेणू. मूठभर बाजूला बांधायचा तो मालकाचा कापूस, म्हणजे आमचाच. माय लटक्या रागानं म्हणायची, "चोट्टी हाय ही पोट्टी, घरचाच कापूस चोरते."

गावातल्या लग्नाची हळद शालूशिवाय लागत नसे. हळदीचं तिचं एक गाणं होतं, तेही तिचंच. पोरीला हळद लावताना आई काय काय सांगते, ते. ते गाणं गावातल्या सगळ्या बायांना येतं. आजही येतं. पण शालू असताना कोणी ते पहिल्यांदा उचलत नसे. तिनं सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी मागून यायचं, असाच रिवाज पडून गेला होता.

आवाज बसलेला सुटेना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणी सांगितलं म्हणून कसला काढा झाला. शेवटी मीच तिला नागपूरला घेऊन गेले. घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. भला माणूस होता, खाली पाहून बोलला.

परतीच्या एसटीत शालू खिडकीशी बसली होती. कळंबपर्यंत बाहेरची वावरं पाहत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, रेणूले माहा आवाज ध्यानात राहीन का वो?"

"राहीन ना. काऊन नाही राहीन?"

"खोटं नको बोलू. तुले बाबाचा आवाज ध्यानात हाय का?"

मी खूप आठवून पाहिलं. बाबांचा फोटो आठवला, टोपी आठवली, त्यांच्या हाताचा वास आठवला. आवाज नव्हता. पाण्यात हात घालून चाचपावं तसं मी चाचपत राहिले, आणि हाताला काही लागलं नाही.

"पाह्यलं ना?" ती म्हणाली. "मंग मले तो ठेवून जायचा हाय. जायच्या आधी."

*

घरात साधा टेप होता. समोर ठेवायचा, बटण दाबायचं, त्याच्याच पोटातल्या माईकवर आवाज यायचा. घरघर यायची, बकरीही यायची, पण आवाज यायचा. मी म्हटलं, लावा तोच. मायही म्हणाली. आयुष्यात एकदाच प्रकाशराव आमच्या दोघींच्या विरोधात बोलले.

"नाही ताई. तो नाही. त्यात ती दूरून बोलल्यासारखी वाटते. रिसीव्हरमधून वायरनं घेऊ, सरळ. रेणूले तिची माय स्वच्छ आइकू आली पाह्यजे. जवळ बसल्यासारखी."

किती मायेनं बोलले होते! ते वाक्य आठवलं की मला आजही त्या माणसाचा राग येत नाही आणि त्या वाक्याचा मात्र येतो. स्वच्छ कशाला पाहिजे होतं? घरघर असती, बकरी असती, कोंबडा असता, काय बिघडलं असतं? पण हे आता. तेव्हा आम्हालाही ते पटलं. शालूच्या आवाजाला चांगलंच काहीतरी पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटलं.

त्यांनी दारव्ह्याहून ओळखीच्याकडून एक जुना मोठा टेप विकत आणला, वायरनं जोडता येणारा. गंजीपुढच्या त्या जागेत रिसीव्हर मांडला. बेंजोची वायर मागच्या भोकात घातली. माईक पुढच्या भोकात. आणि टेपला जाणारी वायर कुठे घालायची म्हणून सगळे बॅटरी घेऊन रिसीव्हरच्या पाठीशी ओणवे झालो. इंग्रजी बारीक अक्षरं. एका भोकाशी तीन अक्षरं सापडली: आर, ई, सी.

"रेकॉर्डच की!" प्रकाशराव म्हणाले.

रेकॉर्डच होतं ते. त्यात काही चुकलं नव्हतं. त्यांनी बेंजो वाजवून पाहिला, टेप केला, परत लावला. इतका स्वच्छ वाजला की मायनं कानशिलावर बोटं मोडली. मग शालूनं माईकमध्ये नुसतं "हं" केलं. तो हुंकार दोन्ही पेट्यांतून असा भरून आला की रेणू दचकून आईकडे धावली. आता आणखी काय तपासायचं? गाऊन पाहायचं तर शालूच्या घशात तेवढी ताकद नव्हती. जेवढं गायचं तेवढं एकदाच, असं तिनंच सांगितलं होतं.

*

लाइटचे तेव्हा हाल होते. दिवसाचा कितीतरी वेळ भारनियमन. त्या दिवशी जेवणं उरकल्यावर लाइट आली, आणि प्रकाशराव वावरातून धावत आले. शालू नवं लुगडं नेसली होती. मी म्हटलं, "कॅसेटमध्ये लुगडं दिसते का वो?" ती म्हणाली, "मले दिसते ना."

आधी पाळणा गायली. आवाज चिरकत होता, पण होता. मग ती ओवी. ओवी अर्ध्यात आली आणि रेणू गंजीवरून घरंगळत थेट आईच्या मांडीत येऊन पडली, डोक्यात, नाकात, सगळीकडे कापूस. शालूला हसू फुटलं. हसत हसतच तिनं "चांद" म्हटलं, बेंजोही तिच्यासंगं हसल्यासारखा धडपडला, आणि दोघांनी ओळ पुन्हा धरली.

मग हळदीचं गाणं. ते ती रेणूच्या लग्नासाठी गात होती. दोन वर्षांच्या पोरीच्या हळदीचं गाणं! माय पदर तोंडात कोंबून बसली होती. मला मायकडे पाहवेना आणि शालूकडेही पाहवेना, म्हणून मी प्रकाशरावांच्या बोटांकडे पाहत होते. ते शालूच्या तोंडाकडे पाहून वाजवत होते, बटणांकडे नाही. दुसऱ्या कडव्यात तिला ठसका लागला. त्यांनी एकाच सुरावर बोट धरून ठेवलं, तो सूर नुसता थरथरत राहिला, ती सावरली, आणि मग दोघं पुढे गेले.

शेवटी प्रकाशरावांनी बेंजो बाजूला ठेवला आणि ती नुसती बोलली. रेणूला म्हणून बोलली. काय बोलली ते मला शब्दन् शब्द माहीत आहे. "रेणू, तुह्या बाबाले चहात साखर कमी देत जाय. भांडण झालं तर भांड, पण उपाशी झोपू नको. तुही मावशी रागीट हाय, पण तिच्या डब्यात नेहमी लाडू असते. अन् मी काही गेली नाही. मले आवाज नाही, एवढंच. तू बोलत जाय, मी आइकून राह्यली."

टेप बंद केला. मी म्हटलं, लावा ना, ऐकू. तेव्हा माय उठली.

आमच्याकडे वेचणी लागायच्या आधी शेतात सीतादही करतात. दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, मग पहिलं बोंड वेचायचं. आणि त्यात आमच्या घरची रीत अशी की पहिला वेचा तोलायचा नाही. गाठोडं बांधायचं आणि देवळीत ठेवून द्यायचं. तोलला, माप कळलं, की बरकत तिथेच थांबते. बाकीचा कापूस कितीही तोला, पहिला नाही. मायनं देवळीतलं ते गाठोडं काढलं, कॅसेट त्यात मधोमध ठेवली आणि गाठ मारली.

"हा बी पहिलाच वेचा हाय," ती म्हणाली. "आता पाहाचा नाही, आइकाचा नाही. माही पोरगी घरी परत येईन, मंगच सोडू."

शालू म्हणाली, "हाव माय. मले बी आत्ता आइकवणार नाही."

नागपूरला जायला अजून चार दिवस होते. आवाज चार दिवस घरात होता. तोलून पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गायली असती, घसा फाटेस्तोवर गायली असती. इतकंच माझं म्हणणं आहे. कोणाला सांगू?

*

ती परत आली तेव्हा कापूस मिळेल त्या भावानं विकून झाला होता. खोली मोकळी, आणि बोललेलं घुमायला लागलेलं. शालूच्या गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. तोंड हलायचं, ओठ हलायचे, आवाज नाही. रेणूला बोलवायचं तर टाळी वाजवायची. पोरगी दोन-चार दिवस बुजली, मग टाळीला यायला लागली.

लाइट आली त्या दुपारी मायनं गाठोडं सोडलं. सगळे बसलो. रेणू शालूच्या मांडीत. प्रकाशरावांनी बटण दाबलं.

बेंजो लागला. काय गोड! पाळण्याची सुरावट सुरू झाली, जिथे शालूनं उचलायचं ती जागा आली. आणि बेंजो एकटाच पुढे गेला.

आम्हाला वाटलं, आवाज कमी आहे. प्रकाशरावांनी वाढवला. बेंजो वाढला. त्यांनी एक एक बटण फिरवलं, वायरी काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. मायनं "अरे द्येवा!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला. ओवी आली, हळद आली, सगळीकडे बेंजो, बेंजो, बेंजो. आणि शेवटी जिथे ती बोलली होती तिथे नुसतं सूं.

शालूनं प्रकाशरावांचा हात त्या बटणावरून काढला. आपल्या हातात धरला. खूण केली, पुन्हा लाव, पहिल्यापासून. त्यांनी लावलं. त्यांच्या मनगटावर बोटानं ठेका धरत ती पाळणा गायली, ओठांनी. एक शब्द सोडला नाही. रेणू मान वर करून आईच्या हलणाऱ्या तोंडाकडे पाहत होती आणि मग तिनं आपला इवलासा हात त्या तोंडावर ठेवला.

मी उठून अंगणात गेले. मला ते पाहवलं नाही.

पुढे कितीतरी दिवस प्रकाशराव त्या रिसीव्हरपाशी बसून असायचे. एका दुपारी मला म्हणाले, "कळलं ताई. मागून जे आत जाते तेच मागून बाहेर निघते. पुढून घातलेलं नुसतं पेट्यांतून निघते, टेपले जातच नाही. बेंजो मागं होता. शालू पुढं होती." एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर पोत्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. बेंजोही टाकला. पुन्हा त्या माणसानं तो वाजवला नाही.

मायनं पुढच्या वर्षी सीतादही केली, पहिला वेचा घेतला, आणि चारचौघींसमोर काट्यावर टाकला. बाया म्हणाल्या, अवं, हे काय करून राह्यली? माय म्हणाली, "तोला! तोलून पाहा, उलटापालटा करून पाहा. झाकून ठेवलेल्याचं काय होते ते मले माहीत हाय." त्यानंतर ती जिवंत होती तोवर दर वर्षी तोलत राहिली.

शालू नागपूरहून आल्यावर फार राहिली नाही. दुखणं उलटलं. कापसाची वाळली पऱ्हाटी उपटायचे दिवस होते, वावरं उघडी पडली होती. शेवटच्या दिवसांत टाळीसुद्धा वाजेना, तर वाटीवर चमचा वाजवायची, आणि रेणू जिथे असेल तिथून यायची.

*

रेणू त्या कॅसेटवरच वाढली म्हणायला हरकत नाही. लहानपणी शेवटची नुसती सूं टेपला कान लावून ऐकायची. मी म्हणायची, "बंद कर वो, काही नाही त्यात." तर म्हणायची, "आई बोलून राह्यली ना." मग मी तिला ते सगळं सांगायची. साखर, भांडण, लाडू. एखादा शब्द मागेपुढे झाला की तीच मला दुरुस्त करायची.

आता खरं सांगते. मला वाटायचं, दुसऱ्या कोणाचा विसरेन, शालूचा आवाज विसरणार नाही. दारात बसून ज्वारी निवडताना, एसटीत, कुठेही डोळे मिटले की यायचा. मग कधीतरी यायचा थांबला. कधी ते कळलंसुद्धा नाही. शब्द आहेत, हसताना वाकायची ती आहे, नव्या लुगड्याची घडी आहे. आवाज नाही. बाबांचं झालं तेच झालं. कापसाच्या गाड्या येतात आणि मला ते आठवतं, की मला आठवत नाही. म्हणून खिडकी.

हळदीच्या दिवशी मी गावी गेले. अंगणात मांडव. पुढच्या खोलीत आता टाइल्स, टीव्ही, सोफा. पोरं म्हणाली, गाणं मोबाईलवर घेऊ, सोपं पडेल. प्रकाशराव शिडी लावून माळ्यावर चढले, पोतं खाली आणलं, रिसीव्हर फडक्यानं पुसला आणि अंगणात आणून ठेवला. मागे कुठे काय घालायचं ते त्यांना अंधारातही सापडलं असतं. केस पांढरे झालेत त्यांचे. टेपही त्यांनी जपून ठेवलेला निघाला.

रेणू पाटावर बसली. बायांनी हातात हळद घेतली. प्रकाशरावांनी कॅसेट लावली आणि खाली मान घालून रिसीव्हरपाशी बसले.

हळदीच्या गाण्याचा बेंजो लागला आणि बायांना ते गाणं येतच होतं. सगळ्यांनी मोठ्यानं उचललं. मीही. पहिलं कडवं असं रंगलं की शेजारच्या आळीतल्या बाया दाराशी आल्या. दुसरं कडवं आलं. बाया पुढे गेल्या आणि बेंजो मागेच राहिला, एका सुरावर अडून, थरथरत. बायांचं गाणं फिसकटलं. कोणी पुढे, कोणी मागे, कोणी खुसुखुसू हसली. एक म्हणाली, "प्रकाशभाऊ, तुमचा बेंजो अडकला का जी?"

प्रकाशरावांनी टेपला हात लावला नाही.

तेव्हा पाटावरून रेणूनं हळदीचा हात वर केला. मी तिला शब्द सांगितले होते, सगळे. तो ठसका कधी सांगितला नव्हता. सांगायचं सुचलंच नव्हतं.

"थांबा वो," ती म्हणाली. "अडकला नाही तो. आई दम घेऊन राह्यली."

सूर थरथरत राहिला. प्रकाशरावांचं बोट मांडीवर तसंच दाबून धरलेलं होतं. मग शालू सावरली असावी, कारण बेंजो पुढे सरकला, आणि आम्ही सगळ्या तिच्या मागून गाऊ लागलो.